परत एकदा घ्या

नाना पिंपरीच्या एका कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. खिशातला मायक्रोमीटर गेला, खोड गेली नाही. भाजीवाल्याने तोललेला किलो घरच्या काट्यावर पुन्हा चढतो. त्यात पुतणीने चष्मा घालवायचं ठरवलं, दोन दवाखान्यांतून तिच्या कॉर्नियाचे दोन रंगीत नकाशे घरात आले आणि नाना पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले.

नकाशात लाल म्हणजे चढ, निळा म्हणजे सपाट. नानांचं लक्ष मात्र खालच्या बारीक आकड्यांवर, कोमासारख्या डोळ्याच्या दोषांच्या. "कोमा इथे ०.२१ मायक्रॉन, तिथे ०.३४. खरा कुठला?"

दुसऱ्या दिवशी नाना दवाखान्यात. मशीनवरच्या मुलीला म्हणाले, "बाळ, बाहुली किती मिलिमीटर धरलीस? त्यांनी पाच धरलीय, तू सहा. मग जुळणार कसं? परत एकदा घे."

"काका, मशीन चुकत नाही हो."

"एक मशीन कधीच चुकत नाही. दोन आणली की चुकायला लागतात."

चिडचिड होते, पण म्हातारा बरोबर बोलतो. बाहुली मोठी धरली की हे आकडे फुगतातच. शिवाय एखादं यंत्र कॉर्नियाची फक्त पुढची बाजू बघतं, दुसरं मागचीही, आणि हार्टमन-शॅकवालं अख्खा डोळाच मोजतं, आतल्या भिंगासकट. तरण्या डोळ्यात कॉर्नियाचा काही दोष आतलं भिंग गुपचूप भरून काढतं. नाना हे मला समजावत होते, तेव्हा स्वयंपाकघरातून नानींचा आवाज आला, "आमच्याकडे तसंच चाललंय चाळीस वर्षं."

यंत्रांच्या बापांशी नानांची घरोब्याची ओळख. शाइम्पफ्लुग हा ऑस्ट्रियन लष्करातला कॅप्टन. आकाशातून काढलेल्या वाकड्या फोटोंवरून सरळ नकाशे करायच्या खटपटीत त्याने तिरक्या कॅमेऱ्याची युक्ती १९०४ च्या सुमारास पेटंट केली. आज त्याच युक्तीचा कॅमेरा दोनेक सेकंदांत डोळ्यासमोर गर्रकन फिरून कॉर्नियाचे उभे काप टिपतो. "नकाशेवाला माणूस, म्हणून नीट काम," हा नानांचा शेरा. झर्निकेबद्दल मात्र त्यांना हळहळ वाटते. डोळ्यातले दोष ज्या बहुपदींत मांडतात त्या त्याच्या, पण १९५३ चं नोबेल मिळालं सूक्ष्मदर्शकाच्या कामाला. "मूळ काम राहिलंच की," असं नाना हळहळतात, जणू शेजारच्या शिफ्टमधल्या माणसाचं प्रमोशन हुकलंय.

पण सगळ्यात लाडका प्लासिदो. या पोर्तुगीज डॉक्टरने १८८० च्या सुमारास एका तबकडीवर एकात एक काळी-पांढरी वर्तुळं काढली, मध्ये भोक पाडलं आणि त्यातून समोरच्याच्या डोळ्यात पडलेलं वर्तुळांचं प्रतिबिंब पाहिलं. नानांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, नातवाच्या कंपासने आणि स्केचपेनने तीच तबकडी केली. तेव्हापासून सोसायटीत कुणाचेच डोळे सुरक्षित नाहीत. दूधवाल्याला गॅलरीत उजेडाकडे पाठ करून उभा करतात, स्वतः एक डोळा मिटून दुसरा भोकाला लावतात. "हलू नको. हं. गोल आहेत." तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजकुमार रात्रभर मोबाइल बघून आलेला, त्याची वर्तुळं मधेच फाटलेली दिसली. "कॉर्निया नाही रे, पाणी सुकलंय. पापण्या मिट, उघड. हां, परत एकदा." आणि वर्तुळं खरंच सांधली. प्रतिबिंब पडतं ते डोळ्यावरच्या अश्रूंच्या थरात, त्यामुळे कोरड्या डोळ्याने लाखोंचं मशीनही फसतं. जावईबापूंची वर्तुळं अंडाकृती निघाली, तेव्हा नानींनी तबकडी दोन दिवस फ्रिजवर लपवली होती.

आता खुद्द नानांना मोतीबिंदू आलाय. टोरिक भिंग बसवायचंय, म्हणजे ते नेमक्या अंशात फिरवून बसवावं लागतं. एक अंश हुकला की सिलिंडरचा तीनेक टक्के गुण वाया, हे नाना सर्जनच्या आधी सांगतात. एका मशीनने अक्ष ९२ दिला, दुसऱ्याने ९७. तारीख पुढे. नातू रिपोर्ट मोठ्याने वाचतो, कारण नानांना आता आकडे दिसत नाहीत. तरी "स्वल्पविराम की दशांशचिन्ह?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

परवा रात्री फोन आला. आवाजात तरतरी. "अरे, तिसरीकडे ९२ आला! तीनदा घ्यायला लावला, तिन्ही वेळा ९२."

"वा! मग ऑपरेशन कधी?"

"ते बघू रे. उद्या सकाळी मोकळा आहेस का? त्या ९७ वाल्याकडे जाऊन येऊ. बिचाऱ्याचं मशीन बिघडलंय, त्याला सांगायला नको?"