एका टोकावरचा संसार

प्रथम पात्रता. दुसऱ्याच्या घरातली तसबीर तिरकी दिसली तरी उठून सरळ करावीशी वाटते, अशांनी युनिपिव्हट टोनआर्म घेऊ नये. अर्थात घेतात नेमके तेच.

साधा टोनआर्म, म्हणजे तबकडीवर सुई धरणारा हात, बेअरिंगांच्या जोड्यांत जखडलेला असतो. वर-खाली जायचे, आत-बाहेर जायचे, बाकी गप्प बसायचे. युनिपिव्हटमध्ये खालून एक अणकुचीदार खिळा आणि त्यावर उपडी टेकलेली छोटीशी वाटी, एवढेच बेअरिंग. घर्षण नावापुरते, आणि आर्मचे स्वतःचेच वजन वाटीला टोकावर दाबून धरत असल्यामुळे खिळखिळेपणाला जागा नाही. युक्ती इतकी साधी की इंग्लंडात जॉर्ज हॅडकॉक आणि नेम ऑडिओ, अमेरिकेत बॉब ग्रॅहम आणि व्हीपीआयचे हॅरी वाइसफेल्ड, सगळ्यांना तिची भुरळ पडली. फक्त वर-खाली आणि आत-बाहेर यांच्या जोडीला हा आर्म कुशीवरही वळतो. ही तिसरी मोकळीक कंपनी फुकट देते. हप्ते मालक फेडतो.

पहिल्या दिवशी आर्म बोटाने उचलताच एका अंगाला कलेल. किंचाळू नये. बोट टेकवायचा दांडा एका बाजूला असतो, म्हणून तो कलतो, मोडलेला नाही. गुरुत्वमध्य टोकाच्या खाली राहावा म्हणून वजने मुद्दाम खाली लोंबती ठेवलेली असतात, दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या काठीसारखी. बोट काढले की तो थोडा डुलून सावरतो. तेवढा वेळ घरच्यांसमोर चेहरा निर्विकार ठेवावा. नेमच्या ‘आरो’ला तर आर्म अलगद खाली सोडणारी तरफच नाही. त्याच्या मालकाने दुसऱ्या कपानंतर तबकडी लावू नये, हे आपले माझे मत.

आता मुख्य विधी: ॲझिमथ. म्हणजे समोरून पाहिल्यावर सुई खाचेत ताठ उभी आहे की नाही. स्टिरिओ तबकडीच्या खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी ९० अंशांचा कोन करतात. एकीवर डावा आवाज कोरलेला, दुसरीवर उजवा. सुई जराशी कलली की तबला तानपुऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतो. इतर आर्मांत हा कोन बहुधा कारखान्यातच ठरून येतो, मालक सुखाने झोपतो. इथे तो आपण ठरवायचा. थांबलेल्या टर्नटेबलवर पातळ आरसा ठेवावा, त्यावर सुई हलकेच टेकवावी, जमिनीवर पालथे पडून एक डोळा मिटावा आणि सुई व तिचे प्रतिबिंब एका सरळ रेषेत येते का ते पाहावे. सुई जिच्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजच्या खोक्याकडे पाहून फसू नये. खोके काटकोनात आणि आतली सुई वाकडी, असा माल पुष्कळदा निघतो. याच वेळी कुणी खोलीत येऊन ‘काय हरवलं?’ असे विचारेल. ‘उजवा चॅनेल’ असे खरे उत्तर देऊ नये. पुढचे प्रश्न वाढतात.

रेषा तिरकी असेल तर मागचे वजन किंचित फिरवावे. पुष्कळ आर्मांत या वजनाचे भोक मध्यभागी नसते, त्यामुळे ते फिरवले की आर्म कुशीवर वळतो. पण वजन फिरवताना ते केसभर मागे-पुढेही सरकते, आणि सुईचा भार बदलतो. म्हणून इवल्या डिजिटल काट्यावर भार मोजावा. समजा १.८ ग्रॅम हवा आणि १.९२ आला. वजन सरकवावे, सरकताना ते फिरते. ॲझिमथ गेला. पुन्हा आरसा. एक वेळ अशी येते की दोन्ही बरोबर आहेत. तेव्हा आर्मची उंची बदलण्याची इच्छा होते. ती दाबावी. (काटा स्वस्तातला आणि लोखंडी तबकाचा असेल, तर मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधले चुंबक त्याला ओढते आणि तो आकडा भलताच दाखवतो. काट्यालाही काटा लागतो.)

अँटी-स्केटिंगबद्दल थोडक्यात. सुई आपोआप आत ओढली जाते, तिला बाहेर खेचायचे. वाइसफेल्ड यांनी आपल्या जेएमडब्ल्यू आर्मवर, ज्याला त्यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाची आद्याक्षरे दिली, सुरुवातीला यासाठी वेगळे यंत्र लावलेच नाही. आर्ममधून बाहेर येणाऱ्या तारेच्या पिळावर भागवले. त्या तारेला कधीही ‘जरा नीट’ करू नये.

सिलिकॉन तेलाचा आर्म असेल तर ते तेल इंजेक्शनच्या सिरिंजने थेंबाथेंबाने घालावे. कमी पडले तर आर्म थरथरतो, जास्त झाले तर गाणे झोपाळू होते. सांडले तर ते कापडाला, बोटांना आणि शेवटी दाराच्या कडीला लागते. कंपनीने सांगितले नसेल तर टोकावर शिलाई मशीनचे तेल घालू नये, काकांनी सांगितले असले तरी. आणि घरात फडका घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला टर्नटेबलच्या झाकणाची हद्द समजावून द्यावी.

परीक्षा मात्र तबकडीच्या शेवटी घ्यावी. ख्यालाच्या लाँगप्लेची मांडणीच क्रूर आहे. विलंबित बाहेरच्या ऐसपैस घेरात, जिथे खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. द्रुतातल्या ताना आत, मध्यापासून ६ सेंटिमीटरवर, जिथे तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. जास्त स्वर आणि कमी जागा. किशोरीताईंचा भूप आलापात छान वाजला म्हणून शेजाऱ्यांना बोलावू नये. ताना साफ येईपर्यंत कड्या लावून बसावे.

ताना फाटल्याच, तर लगेच पाना उचलू नये. जुन्या बाजारातल्या तबकडीवर आधीच्या मालकाने रेडिओग्रामची जड सुई वर्षानुवर्षे चालवलेली असते. एखादी कोरी तबकडी लावून तिचा शेवट ऐकावा. तो साफ वाजला तर आर्म निर्दोष आहे. पाना खणात टाकून कुलूप लावावे, आणि किल्ली घरातल्या अशा माणसाकडे द्यावी ज्याला टोनआर्मबद्दल काडीचीही आस्था नाही. असा माणूस शोधावा लागत नाही.