बूट एव्हरेस्टचे, वाट कळसूबाईची

जून उजाडला की पुण्या-मुंबईच्या दुकानांत बुटांच्या भिंतीसमोर भावी गिर्यारोहक ध्यानस्थ उभे राहतात. वॉटरप्रूफ, घोट्याच्या वर येणारा, पाहताच हिमालय आठवावा असा जोड पसंत पडतो. तो घालून जायचे असते कळसूबाईला. उंची १६४६ मीटर, वाटेत लोखंडी शिड्या आणि चहाच्या टपऱ्या.

सह्याद्रीचा पाऊस बुटावरचे लेबल वाचत नाही. ओढ्यात पाय गुडघाभर बुडाला की पाणी वरून आत शिरते आणि वॉटरप्रूफ अस्तर ते इमानेइतबारे आतच राखते. जाळीचा साधा बूट निदान निथळतो तरी.

खरी परीक्षा तळव्याची. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुंता राझिकावर सहा जण दगावल्यानंतर व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने खोल खाचांचा रबरी सोल घडवला, तोच व्हिब्रम. चिखलात, घसाऱ्यावर या खाचा उपयोगी पडतात. शेवाळलेल्या बेसाल्टवर मात्र त्यांचे फारसे चालत नाही. तिथे कडक रबर सटकते, मऊ रबर त्यातल्या त्यात धरते, आणि झिजतेही लवकर. म्हणून ‘टिकाऊ नाही’ असा शेरा मारून गिऱ्हाईक ते परत ठेवते.

बोटांपुढे थोडी जागा हवी, नाहीतर उतरताना नखे काळीनिळी होतात, असे विक्रेता सांगत असतो. गिऱ्हाईक तोवर बुटाचा रंग जॅकेटला जुळतो का ते बघत असते. नवा जोड आधी चार दिवस वापरून पायाला सरावू द्यावा, हा सल्ला तर कानावरही घेतला जात नाही. मळेल ना!