डायरेक्टर

मंडणगडच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागते आणि दाढी, काळा टी-शर्ट, पोटाशी धरलेली बॅग असा एक तरुण उतरतो. हा चाकरमानी नव्हे. चाकरमानी उतरल्यावर आधी पिशव्या मोजतो. हा दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून स्टँडकडे बघतो. कंडक्टर ओरडतो, "बाजूला हो रे, गाडी मागे घ्यायचीय!" डायरेक्टरच्या वहीत त्याची नोंद होते: व्यवस्थेचा आवाज.

एरवी तो नालासोपाऱ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नवरीवर गुलाबपाकळ्या पाडून मिळालेले पैसे गावी येऊन रक्त सांडण्यात घालवतो. विषय ठरलेला, हिंसा आणि समाज. फिल्मचं नाव एका शब्दाचं, पुढे तीन टिंबं. लांबी बारा मिनिटं, त्यातली चार आभाराची. नागराज मंजुळेंच्या 2010 च्या 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे तो सख्ख्या भाच्याचे दहावीचे टक्के सांगावेत तसं सांगतो. 'सैराट'चा शेवट निःशब्द, म्हणून याची एक अख्खी फिल्मच निःशब्द. (माईक पावसात भिजला होता.) दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित केली होती, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "पण त्यात कॉन्फ्लिक्ट काय?" असं विचारून त्याने फाळक्यांना निकालात काढलं.

रक्ताचा प्रश्न त्याने कोकणी पद्धतीने सोडवला. कोकमाचं आगळ! रंग अगदी हवा तसा, आणि घरचं. फक्त आगळात मीठ असतं, हे विसरला. किल्ल्यावर तळ्याकाठी चुलतभावाचा खून झाला, आगळ कपाळावरून डोळ्यात उतरलं, आणि मयत बोंबलत तळ्याकडे पळालं. डायरेक्टर म्हणाला, "कट! काय नॅचरल केलंस रे!" दुसऱ्या टेकला मयताला मुंबईहून सुपरवायझरचा फोन आला. ते निजल्या निजल्याच म्हणालं, "हो साहेब, सोमवारी हजर." घरी आई रिकामी बाटली हातात घेऊन उभी होती. "मेल्या, वर्षाचं आगळ होतं ते!"

फिल्म खळ्यात चादर बांधून दाखवली. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "मारामारी झकास. पण भांडण कशावरनं झालं, ते कुठाय?"

"ते प्रेक्षकांनी शोधायचं, आजोबा."

"आम्ही शोधायचं, तर तू काय केलंस?"

हा वार मात्र खोल गेला. विषयांना तोटा नव्हताच. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातलं. 1927 मध्ये ज्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला ते महाड सावित्रीपलीकडे. आणि कोकणात माणसाला इजा करायला सुरा लागतोच असं नाही, वाळीत टाकलं की भागतं. विस्तव बंद, बोलणं बंद, मयताला खांदा बंद. अशी प्रकरणं पोलीस ठाण्यापर्यंत गेली, आणि 2016 मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड.

डायरेक्टर वाळीतवर फिल्म काढायला निघाला. खुनासाठी रांगेने उभे राहणारे भाऊबंद एकेक करून मागे सरले. "कापून टाक हवं तर, पण ह्यात नको घेऊस. उद्या आम्हालाच वाळीत टाकतील."

मग त्याच्या ध्यानात आलं, की वाळीतच्या फिल्मला नट लागतच नाहीत. कुणी येत नाही, हीच तर गोष्ट! उरली आई. तिने आगळाचा राग बाजूला ठेवला आणि शिमग्यात पालखीची वाट बघते तशी दारात उभी राहिली, सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन. ढोल जवळ येतो, अंगणाच्या कडेशी येतो आणि पुढे निघून जातो. पालखी दिसतच नाही. आई सूप जमिनीवर ठेवते, मग नारळ उचलून परत फळीवर नेऊन ठेवते. सहा मिनिटं. रक्ताचा थेंब नाही, नावापुढची टिंबंही गेलीत. आभारात एकच नाव आहे.

मी पाहिली. ही त्याची पहिली खरी फिल्म. पण मागच्या वेळचं खळं या वेळी रिकामं नाही म्हणे, आणि कुणाचंच नाही. मंडणगड तालुक्यात कुणाचं असेल तर कळवा. चादर आणि प्रोजेक्टर तो आणेल.