कुठल्या लाईनीत?

लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामांनी घसा खाकरून विचारलं, "बरं, मुलगा कुठल्या लाईनीत?"

मुलाचे वडील अभिमानानं म्हणाले, "हार्बर!"

मामा आटपाडीहून आलेले. त्यांनी भाचीकडे एकदा कणवेनं पाहिलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे बोटीवर? मग वर्षातनं घरी किती महिने असतात?"

"छे हो, रोज साडेआठला घरात. रविवारी मेगाब्लॉक असला तरच काय ते."

मुलगा बँकेत होता आणि राहायला वाशीला. हे उलगडेपर्यंत पोहे गार झाले. पण बैठक मोडली नाही. घोळाचा दोष दोघांचाही नव्हता, होता तो लाईनीचा.

मुंबईकराला लाईन म्हणजे गोत्र. सोळा एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा लाईन एकच होती, त्यामुळे 'आमची' आणि 'तुमची' हा प्रश्नच नव्हता. आता डोंबिवलीच्या मुलानं बोरिवलीची मुलगी पसंत केली की घरात आधी जात विचारत नाहीत, "अगं बाई, वेस्टर्नची?" असं विचारतात. दोन्ही लाईनी दादरला शेजारी शेजारी नांदतात, पण कित्येक वर्षं दोघींनी आपापले प्लॅटफॉर्म एकपासून वेगवेगळे मोजले. 'दादरला एक नंबरवर भेट' असं ठरवून एक वेस्टर्नच्या एकवर आणि दुसरी सेंट्रलच्या एकवर उभी, अशी किती प्रेमं फुकट गेली असतील कोण जाणे. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेनं एक ते चौदा असे सलग आकडे घातले. फार उशिरा सुचलं.

घाट चढून वर गेलं की लाईनीचे रूळ गळून पडतात आणि ती खांबावर चढते. पुण्यात लाईट जाते, आमच्या तात्यांच्या गावात लाईन जाते. शेतीची लाईन आठवडाभर दिवसा, पुढचा आठवडाभर रात्री, असा पाळीचा कारभार. तात्या रात्री दोनला बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघतात ते 'लाईन आली' एवढ्या दोन शब्दांवर. एरवी त्यांना हाक मारून उठवायला चार माणसं लागतात. एकदा त्यांचा फोन लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "लाईन नव्हती, म्हणून चार्जिंग नव्हतं, म्हणून तुझी लाईन लागली नाही. लाईनमनला बोलवायला गेलो, तर त्याच्याकडं आधीच लाईन लागलेली." त्यांना या वाक्यात काही विशेष वाटलं नाही. तेवढ्यात मी मात्र वीज, टेलिफोन आणि रांग यांतून फिरून आलो होतो.

या शब्दाचं मूळ माहेर पाहिलं तर जवसाच्या शेतात निघतं. लॅटिनमध्ये जवसाला लिनुम म्हणतात. त्याच्या धाग्याचं कापड ते लिनन, तेल ते लिन्सीड आणि तो धागा म्हणजे लिनेआ, आपली लाईन. म्हणजे ही विदर्भातल्या जेवणातल्या जवसाच्या चटणीची सख्खी नातेवाईक. आमच्या गवंड्याला हे कळलं असतं तर त्यानं थापी खाली ठेवली असती, कारण भिंत सरळ उठवायला तो जी सुतळी ताणतो तिला म्हणतो 'लाईनदोरी'. धाग्याचा अर्थ धरला तर ही झाली दोरीदोरी. पण भिंत सरळ येते, मग तक्रार कसली?

इंग्रजांनी मात्र हा शब्द राहण्यासाठीही वापरला. त्यांच्या छावणीतल्या बराकी ओळीनं बांधलेल्या, म्हणून त्या वस्तीचं नावच लाईन्स. मरीन लाईन्स स्टेशनाचा 'मरीन' समोरच्या समुद्रावरून आला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे मरीन बटालियनच्या लाईन्स होत्या. नागपुरातही सिव्हिल लाईन्स आहे, आणि हिवाळी अधिवेशनात विधानभवनातला गोंधळ ऐकणाऱ्याला त्या नावातलं 'सिव्हिल' फार भाबडं वाटतं.

क्रिकेटमध्ये ही लाईन थेट फलंदाजाच्या बरगड्यांवर आली. १९३२-३३ च्या दौऱ्यात डग्लस जार्डिननं ऑस्ट्रेलियात बॉडीलाईन सुरू केली आणि दोन देशांत तारायुद्ध पेटवलं. हा गृहस्थ जन्मला कुठे, तर मलबार हिलवर. म्हणजे बॉडीलाईनवाला मुळात वेस्टर्न लाईनचा! डिसेंबर १९३३ मध्ये तो इंग्लंडचा कप्तान म्हणून जन्मगावी आला, बॉम्बे जिमखान्यावर भारताच्या भूमीवरची पहिली कसोटी खेळला आणि जिंकलाही. लाला अमरनाथांनी ११८ धावा ठोकून पाहुणचारात कसूर मात्र ठेवली नाही.

आता ज्या अर्थाची वाट वाचक मघापासून पाहत आहेत, तो. 'लाईन मारणे' हे इंग्रजाला सांगून पाहा, तो बिचारा फूटपट्टी शोधेल. आमच्या तरुणपणी हा उद्योग म्हणजे भांग पाडून बसस्टॉपवर उभं राहणं. जिच्यावर लाईन मारली जात असे तिला बहुतेकदा पत्ताच नसे, आणि पत्ता लागला तर तिच्या भावालाही लागे. मुलीनं चुकून घड्याळ पाहिलं तरी 'लाईन दिली' म्हणून कँटीनमध्ये चहा उधारीवर वाटला जाई. आताच्या मुली अशा इसमाला सरळ पोलिसात नेतात, आणि बरंच करतात. पुढे त्यातलेच काही 'लाईनीवर आले', म्हणजे नोकरीला लागले आणि मान खाली घालून भाजी आणू लागले.

गंभीर कामाला मात्र मराठी माणूस हिला जवळ करत नाही. लक्ष्मणाची ती रेषाच, सीमेवरची ती नियंत्रण रेषा, गरिबीची दारिद्र्यरेषा. 'लक्ष्मण लाईन' म्हटलं तर सीताच हसत बाहेर येईल. सरकारलाही लाईन चालत नाही. मेट्रोच्या कागदांवर 'मार्गिका' असते, आणि त्या मार्गिकेचं तिकीट काढायला आपण जिथे उभे राहतो ती लाईन. पाटी म्हणते 'रांगेत उभे राहा', आपण आधी उभे राहतो आणि मग पुढच्याला विचारतो, "ही लाईन कशाची हो?"

माझ्या धंद्यात, म्हणजे या लिहिण्याच्या लाईनीत, एकच लाईन खरी भीतिदायक. डेडलाईन. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक किरकोळ लाकडी कठडा होता. कैद्यानं तो ओलांडला की पहारेकरी गोळी घाली. तीच डेडलाईन. पण त्या कैद्यांना निदान कठडा दिसत तरी होता. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंची डेडलाईन आधी गणपतीपूर्वी असते, मग गौरी जेवल्यावर, मग पितृपक्षात आणि शेवटी 'अहो, छपाई सुरू झाली!'

यंदा बाईंचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पाठवतच होतो हो, पण आमच्याकडची लाईन गेली."

"लाईट?"

"नाही, नेटची. लाईनमन येतोय म्हणाले."

"असं? मग जरा लाईनवर थांबा," बाई शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्या लाईनवर एक लेखक आहेत. त्यांचा लेख तयार आहे."