बोल, गाडीवरच आहे

पुणेकराची मान कुणापुढे वाकत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते खोटं आहे. सकाळी साडेनऊला टिळक रोडला उभं राहून बघा. स्कूटरमागून स्कूटर जाते आणि स्वाराची मान खांद्याकडे कलंडलेली असते. कान आणि खांदा यांच्या चिमट्यात मोबाइल, तोंडात एकच वाक्य : 'हां बोल, गाडीवरच आहे!'

वास्तविक 'गाडीवर आहे' म्हणजे 'आत्ता बोलता येणार नाही.' आपल्याकडे त्याचा अर्थ 'आत्ता अगदी निवांत आहे, सविस्तर सांग' असा होतो. घरी बायको-मुलं, ऑफिसात साहेब. माणसाला एकांत मिळतो तो सिग्नल ते सिग्नल एवढाच. हेल्मेट घालणाऱ्यांची तर आणखी सोय. फोन गालाशी धरून आत सरकवला की पडत नाही. हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्या या शहराला हेल्मेट हे मोबाइलचं स्टँड आहे, एवढं कुणी वेळेवर सांगितलं असतं तर आंदोलनं झालीच नसती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या भाच्याचं लायसन्स. महाराष्ट्रात २०२१ पासून कच्च्या लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. ताईकडचं वायफाय रुसलेलं, म्हणून परीक्षा आमच्या डायनिंग टेबलावर झाली. कॅमेऱ्यात एकटा भाचा दिसेल अशा बेतानं आम्ही उरलेले चौघं लॅपटॉपच्या मागच्या बाजूला : ताई, भाऊजी, मी आणि माझी आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आयुष्यात सायकलवरही बसलेली नाही. ती मटार सोलत होती.

भाच्यानं प्रश्न मोठ्यानं वाचायचा, कुणीतरी उत्तर पुटपुटायचं, असं ठरलं होतं. 'पूल अरुंद आहे, समोरून गाडी येत आहे. काय कराल?' भाऊजी पंचवीस वर्षं गाडी चालवतात. ते तत्काळ म्हणाले, ''लाइट मारून घालायची!'' आणि गंमत म्हणजे हेडलाइट लावून पूल ओलांडण्याचा पर्याय तिथे खरोखरच होता. शासनाचा जनतेशी संपर्क तुटलाय, असं कोण म्हणतं? आई मटारातून मान वर न करता म्हणाली, ''अरे, त्याला येऊ दे की आधी.'' बरोबर.

'अंध व्यक्ती पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत आहे.' मी हॉर्नच्या बाजूनं होतो. आई म्हणाली, ''थांबायचं. हे काय विचारणं झालं?'' बरोबर.

फक्त एका प्रश्नाला भाच्याला कुणाचीच गरज लागली नाही. 'वाहन चालवताना मोबाइलचा वापर.' प्रश्न पुरता वाचायच्या आत त्यानं 'प्रतिबंधित' वर टिचकी मारली. हे उत्तर चुकलेला माणूस महाराष्ट्रात अजून सापडायचाय.

पास व्हायला साठ टक्के पुरतात. भाच्याला दहावीत तेवढेच पडले होते तेव्हा ताईनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. इथे तिनं पेढे आणले. म्हणजे दहातले चार नियम ठाऊक नसले तरी सरकारची हरकत नाही. ''आणि त्या चार नियमांच्या पुढ्यात जो येईल त्यानं काय करायचं?'' असं आईनं विचारलं, पण तोवर आम्ही फोटो काढत होतो.

मग नियमाप्रमाणे किमान तीस दिवस शिकायचे. शिकणार काय? पोरगा दहावीच्या क्लासला भाऊजींच्याच स्कूटरवर जात होता. अल्पवयीन मुलाला गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, अशी दुरुस्ती कायद्यात २०१९ मध्ये झाली आहे. भाऊजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ''अरे, गल्लीतल्या गल्लीत चालवायचा.'' क्लास गल्लीपासून चार किलोमीटरवर होता. तीस दिवसांत त्यानं स्कूटरला लाल चिकटपट्टीचा 'एल' लावला आणि आठ काढायचा सराव केला. पाय टेकला की नापास. टेस्टला तो सुरेख आठ काढून आला. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर, फोन माझ्या खिशात. पुढच्या आयुष्यात त्याला यातलं काहीच लागणार नव्हतं.

कायदा कडक नाही असं नाही हं. कलम १८४ मध्ये हातातला फोन वापरत गाडी चालवणं हे धोकादायक चालवण्यातच मोडतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. २०२० मध्ये नियमात एक बारीकशी खिडकी ठेवली : फक्त रस्ता शोधण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं, फोन वापरता येईल. तेव्हापासून अवघा महाराष्ट्र रस्ता शोधतोय. पन्नास वर्षं सदाशिव पेठेत राहिलेला गृहस्थ सदाशिव पेठेतून नारायण पेठेत जाताना फोनकडे बघतो, आणि पोलिसानं अडवलं तर 'मॅप बघत होतो' म्हणतो. मॅपवर कुणाचा तरी केळवणाचा फोटो असतो.

आणि कानात बोंडं घालून बोलणाऱ्यांनी हसू नये. हात मोकळे झाले म्हणून डोकं मोकळं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट, आणि हँड्सफ्री घेऊन त्यात फारसा फरक पडत नाही. मी एका रात्री जेवणानंतर गणित मांडलं. ताशी चाळीसच्या वेगाला सेकंदाला अकरा मीटर. मेसेज वाचून अंगठा उठवायला तीन सेकंद धरा. तेहतीस मीटर, म्हणजे एकीमागे एक उभ्या केलेल्या जवळजवळ तीन पीएमपी बस. तेवढं अंतर माणूस डोळे मिटून जातो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. हा आकडा मी आमच्या ग्रुपवर टाकला. तीन अंगठे आले. त्यातला एक भाऊजींचा, आणि ते त्या वेळी कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे गाडी चालवत होते.

गेल्या आठवड्यात भाचा दूध आणायला गेला तेव्हा कोथिंबीरही आण म्हणून सांगायला आईनं त्याला फोन लावला. पलीकडून हॉर्न ऐकू आले, मग 'बोल आजी, गाडीवरच आहे.' आईनं फोन कट केला. त्यानं लगेच उलटा लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा वाजला. तिनं तो टेबलावर पालथा घातला आणि लसूण सोलायला घेतला. आठ वेळा वाजला.

भाचा तणतणतच घरात शिरला, कोथिंबिरीशिवाय. ''आजी, फोन का उचलत नाहीस? किती घाबरलो मी!''

आई म्हणाली, ''गाडीवर होते रे.''