पापणी लवली पाहिजे

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आणि साठी ओलांडलेल्या मंडळींनी इंटरनेटच्या साहाय्याने हालते-फिरते व एकमेकांच्या संपर्कात कसे राहावे, अशी विचारणा वारंवार होते (कोणाकडून, ते विचारू नये). सबब हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम रेंज शोधावी. जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंती ऊन अडवण्यासाठी बांधलेल्या. भोसल्यांच्या काळी टॉवरचा विचार कोणी केला नव्हता. त्यामुळे माजघरात ऊन येत नाही, तशी रेंजही येत नाही. गच्चीवर जावे. आमच्या जिन्याला 18 पायऱ्या आहेत. मुलाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला की 18 वर, चष्मा राहिला म्हणून 18 खाली, पुन्हा 18 वर. तोवर कॉल कटतो, पण व्यायाम झालेला असतो. मे महिन्यात मात्र हे सकाळी सहालाच उरकावे, तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. 2013च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्या गच्चीवर दुपारी नातवंडांशी लाडीगोडी होत नाही.

पुढची पायरी गुलाबाची. पहाटे उठून गुलाबाच्या फुलासह ‘शुभ सकाळ’ पाठवणे हे रिकामटेकडेपणाचे काम आहे, असे सुना समजतात. समजू द्या. व्हॉट्सॲपने 2018 साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तीस जणांना पाठवायचे तर सहा वेळा अंगठा चालवावा लागतो. पण आमच्या गल्लीत ज्याचा गुलाब सातपर्यंत आला नाही, त्याच्या दाराची कडी आठला कोणीतरी वाजवतोच. दोनदा नुसते रिचार्ज संपलेले निघाले. तिसऱ्यांदा माणूस न्हाणीघरात पडलेला होता.

आता मुख्य विषय, पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला. पूर्वी नोव्हेंबरात बँकेत रांग लावून आपण जिवंत आहोत हे दाखवावे लागे. 2014 साली ‘जीवन प्रमाण’ आले, बोटाचा ठसा पुरू लागला. पण वय झाले की बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र म्हणते, हे तुम्ही नव्हेत. 2021पासून चेहरा दाखवायची सोय झाली. आधी मदतनिसाचा चेहरा, मग आपला. म्हणजे मी हयात आहे याला साक्षीदार कोण, तर आमच्या भाडेकरूंचा बारावीतला पोरगा!

गेल्या वर्षी आम्ही चौघे ओट्यावर बसलो. वर्तुळ हिरवे झाले की पापणी लववायची, नाहीतर मोबाईल आपल्याला फोटो समजतो.

‘‘आजोबा, पापणी हलवा ना. तुम्ही हनुवटीच हलवून राहिले.’’

‘‘अरे, तू सांगितल्यापासून ते लवूनच नाही राहिली बाप्पा!’’

चौऱ्याहत्तर वर्षे जी न सांगता लवली, ती सांगितल्यावर हटून बसली. शेवटी शेजारच्या वहिनींनी जवळ येऊन डोळ्यांवर फुंकर मारली. लवली! मी जिवंत ठरलो. त्या आनंदात बडकस चौकातून तर्रीपोहे आले. पैसे पोराने माझ्याच मोबाईलवरून दिले, पिन मी हाताआड धरून दाबला.

यावरून पिनचा नियम : पैसे देताना पिन लागतो, घेताना कधीच नाही. ‘रिफंड देतो, पिन टाका’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यावा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला इसम ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊ लागला, तरी घाबरू नये. असली अटक कायद्यात नाही. कोतवाली ठाणे महालातच आहे, धरायचे असते तर पायी आले असते. फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच 1930 हा क्रमांक लावावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी : सगळे शिकून घेऊ नये. मला दाखला आता एकट्याने काढता येतो. हे त्या पोराला सांगितलेले नाही. सांगितले तर तो ओट्यावर कशाला येईल?

केंद्र सरकारच्या पेन्शनरांपैकी ऐंशी ओलांडलेल्यांना दाखला 1 ऑक्टोबरपासून देता येतो, इतरांना 1 नोव्हेंबरपासून. तोवर पापणीचा सराव ठेवा, आणि फुंकर मारणारे कोणी शेजारी आहे ना, तेवढे बघून ठेवा.