लेझरवाले, तुमची सही माझ्या प्रत्येक फोटोवर आहे

गणेश विसर्जन मिरवणुकीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून लेझर फिरवत गेलेल्या गृहस्थांस,



तुमचे नाव मला माहीत नाही, पण तुमची सही माझ्याकडे आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वरून खालपर्यंत गेलेली एक रेघ आणि तिच्या मधोमध करपलेला ठिपका. तुमचा ट्रक बेलबाग चौकाकडून पुढे सरकत होता, मी एका जुन्या इमारतीच्या गॅलरीत उभा होतो आणि तुमचा हिरवा झोत लेन्समध्ये शिरला. क्षणभरच. तेव्हापासून मी काढलेल्या प्रत्येक फोटोत तुम्ही हजर आहात. पर्वतीवरून टिपलेल्या सूर्योदयात आहात, सिंहगडावरच्या धुक्यात आहात, पाषाण तलावावरच्या बगळ्याच्या मानेवरही आहात.

ही रेघ कशी उमटली ते सविस्तर सांगतो, कारण यंत्र भाड्याने देताना तुम्हाला ते कोणी सांगितलेले दिसत नाही. माझ्या २०० मिलिमीटर, एफ २.८ लेन्सच्या छिद्राचा व्यास सुमारे ७१ मिलिमीटर असतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे अशी लेन्स डोळ्याच्या शंभरपट क्षेत्रफळातला प्रकाश गोळा करते. लांबून येताना किंचित पसरलेला तुमचा झोत तिने पुन्हा एकत्र केला आणि सेन्सरवरच्या सुईच्या टोकाहून लहान जागी नेऊन टेकवला. तिथली सूक्ष्म भिंगे आणि रंगांची गाळणी जळाली, आतली जोडणी बिघडली आणि अख्खी रांग मेली. माझ्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात सेन्सर सतत उघडा असतो, त्यामुळे बटण दाबण्याचीही गरज पडत नाही. यूव्ही फिल्टर इथे काही कामाचा नाही. अनेक कंपन्या मॅन्युअलमध्येच लिहितात की लेन्स लेझरसमोर धरू नका. पण रस्त्यावर लेझर माझ्यासमोर आणून धरलात तो तुम्ही.

माझ्या हातात जुना डीएसएलआर असता, तर आतल्या आरशाने तोच झोत व्ह्यूफाइंडरमधून माझ्या डोळ्याकडे वळवला असता. सेन्सर वाचला असता, डोळा मात्र जाऊ शकला असता. हे पत्र मी डोळ्यांसाठी लिहितो आहे. सेन्सर बदलून मिळतो, महाग का होईना. डोळ्याचा पडदा बदलून मिळत नाही.

डोळ्यातही भिंगच आहे. पडद्यावर पोहोचेपर्यंत ते प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख पटींनी वाढवू शकते. प्रखर प्रकाश पडला की माणूस पाव सेकंदात पापणी मिटतो. या पाव सेकंदाच्या भरवशावर एक मिलिवॅटपर्यंतचा पॉइंटर सुरक्षित मानला जातो. ५०० मिलिवॅटच्या पुढचा लेझर ‘वर्ग ४’ मध्ये, म्हणजे सर्वांत धोकादायक गटात येतो आणि मिरवणुकीतल्या यंत्रांची ताकद अनेकदा वॅटमध्ये मोजावी लागते. तिथे पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असतो. २८ सप्टेंबर २०२३च्या विसर्जनानंतर पुण्यातल्या एका तरुणाच्या डोळ्याच्या पडद्याला लेझरने गंभीर इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. तुम्ही वर्तमानपत्र वाचत नसाल, पण तुमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी ती नक्की वाचली असणार.

‘आम्ही झोत वर सोडतो’ हे तुमचे उत्तर मी ऐकले आहे. अमेरिकेत अशा झोताला प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किमान तीन मीटर उंची राखावी लागते. लक्ष्मी रस्त्यावर तीन मीटरवर काय आहे, मान वर करून बघा. पहिल्या मजल्याची गॅलरी आहे. तिथे आजी खुर्ची टाकून बसलेली असते, कठड्याला पोरे लोंबकळत असतात. आणि खाली बापाच्या खांद्यावर बसलेल्या लेकराचे डोळे गर्दीत सगळ्यांत उंच असतात. या रस्त्यावर लेझरसाठी ‘वर’ नावाची जागाच नाही.

एवढे करून तुम्ही दाखवता तरी काय? मी वर्षानुवर्षे या मिरवणुकीचे फोटो काढतो. पिवळ्या दिव्यांत तरंगणारा गुलाल, ताशावरच्या काडीची धूसर रेषा, ढोलावर वाकलेल्या मुलीच्या कपाळावरचा घाम हे टिपायला रात्रभर उभे राहावे असे असते. तुमच्या लेझरच्या हिरव्यात दुसरा रंग नसतो. त्या उजेडात गुलाल काळा दिसतो, शेंदूर काळा दिसतो, माणसांचे चेहरे मेल्यासारखे दिसतात. शार्पी, म्हणजे प्रखर झोताचे दिवे, लावणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांचा दिवा झगझगीत असला तरी तो लेझर नव्हे. तुम्ही मात्र बाप्पाचाच रंग पुसता आणि त्याला सजावट म्हणून पैसे घेता.

पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये उत्सवातल्या लेझर झोतांवर बंदीचे आदेश काढले. लोहगावला उतरणाऱ्या वैमानिकांसाठी विमानतळाच्या परिसरातही मनाई झाली. वैमानिकाच्या डोळ्यांची जी काळजी, तीच गॅलरीतल्या आजीच्या डोळ्यांची हवी. तिच्यासाठी तुम्ही पुन्हा आदेशाची वाट बघू नका. यंदाची सुपारी येईल तेव्हा लेझर नाही म्हणा. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, वर्गणीच्या पावतीवर छापा, ‘आमच्या मिरवणुकीत लेझर नाही’. मी दुप्पट वर्गणी देईन आणि तुमच्या मिरवणुकीचे फोटो रात्रभर उभा राहून फुकट काढून देईन.

वाचकांना एकच सांगणे. मिरवणुकीनंतर नजरेच्या मध्यभागी काळा डाग दिसू लागला किंवा सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर दुसऱ्याच दिवशी डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. पडदा जळताना दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट बघू नका.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार, पुणे